समुद्रापासून सातशे किलोमीटरवर बोटीचे वायरिंग: नागपूर जिल्ह्यातील एक प्रकरण

नागपूर जिल्ह्यातील एका जलाशयावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीचे वायरिंग नीट करून देणारा जाणकार माणूस मिळवण्यासाठी तिच्या मालकांना काय काय करावे लागले, त्याची ही सविस्तर नोंद आहे. मी औद्योगिक वीजसुरक्षेचे काम करतो आणि या प्रकरणात सल्लागार म्हणून सहभागी होतो. जलाशयाचे आणि संबंधितांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण कोणावर ठपका ठेवणे हा हेतू नाही. जे येथे घडले ते खिंडसीला, नवेगाव खैरीला किंवा गोसीखुर्दच्या पाण्यावर बोट चालवणाऱ्या कोणाच्याही बाबतीत घडू शकते.

विदर्भात तलावांना तोटा नाही आणि डोंगा वल्हवणारे ढिवर-भोई येथे पिढ्यानपिढ्या आहेत. परंतु बोटीवरची वीज हा विषय आपल्याकडे अजून नवा आहे. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटीचे वायरिंग करणारा माणूस शोधत फिरावे लागत नाही, तो बंदरावरच भेटतो. नागपुरात बंदर नाही, त्यामुळे ती परंपरा नाही आणि ती परंपरा नसल्यामुळे काम बिघडले की नेमके कोणाला हाक मारावी हेच कळत नाही. समृद्धी महामार्ग मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. एका १२ व्होल्टच्या पंपासाठी तेवढ्या अंतरावरून माणूस आणणे परवडत नाही, आणि म्हणून जो हाताशी येईल त्याच्याकडून काम उरकून घेण्याकडे कल होतो.

बोट आणि तिच्या तक्रारी

बोट फायबरची, सुमारे ७ मीटर लांब, मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अशी होती. बांधणाऱ्याने दिली तेव्हा तिच्यावर स्टार्टर, हॉर्न, दिवे आणि तळात साचणारे पाणी उपसणारा बिल्ज पंप एवढीच विजेची उपकरणे होती. पुढे संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी एलईडीच्या माळा आल्या, मग म्युझिक सिस्टीम आली, आणि बोटीवर वाढदिवस व लग्नाआधीचे फोटोशूट होऊ लागले तेव्हा २३० व्होल्टचा इन्व्हर्टरही सीटखाली बसला. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाने बसवली आणि प्रत्येकाने जवळ जो पॉझिटिव्ह सापडला त्यावरून वायर ओढली. या सगळ्याचा एकही नकाशा कोणाकडे नव्हता.

तक्रारी तीन होत्या. मालकांनी पहिली सांगितली ती अशी: "सर, बॅटरी नवी टाकली तरी दोन-तीन दिवसांत मरूनच राहते." दुसरी तक्रार पंपाची होती, तो चालू होई, पण पाणी जेमतेम फेकी. तिसरी त्यांनी बोलता बोलता, तेवढी महत्त्वाची नाही अशा सुरात सांगितली. बोट घाटाला लावून चार्जिंगला असताना गुडघाभर पाण्यात उभे राहून ती धुणाऱ्या मुलाला रेलिंगला हात लावल्यावर मुंग्या येत. मुलाने ते कोणाकडे फारसे बोलूनही दाखवले नव्हते.

मला बोलावले होते ते बॅटरीसाठी. मी त्याच दिवशी चार्जिंग बंद करायला सांगितले ते मुंग्यांसाठी, कारण या प्रकरणातील जीवघेणी गोष्ट तीच होती.

गोड्या पाण्याची भीती का बाळगावी

खारे पाणी वीज चांगली वाहून नेते म्हणून समुद्रात धोका जास्त आणि तलावात कमी, असा एक सार्वत्रिक समज आहे. गळतीच्या विजेपुरते पाहिले तर वस्तुस्थिती याच्या उलट आहे. समुद्राचे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी अधिक सुवाहक असते, त्यामुळे गळणारा प्रवाह माणसाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जातो. गोडे पाणी मात्र शरीरापेक्षा कमी सुवाहक असते. त्यात उतरलेला माणूस हाच प्रवाहाला सोपा रस्ता ठरतो. सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून हातपाय ताब्यात राहत नाहीत, आणि पोहणारा माणूस तेवढ्यानेच बुडतो. त्याच्या अंगावर विजेची खूण राहत नाही, म्हणून असा मृत्यू साधे बुडणे म्हणून नोंदला जाण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत तलावांच्या काठी असलेल्या बोटींच्या धक्क्यांवर असे मृत्यू वारंवार झाले आहेत आणि तेथे या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळालेले आहे.

येथे गळती होत होती ती चार्जरमधून. चार्जर जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरचा होता आणि घाटाच्या ओलसर हवेत वर्षानुवर्षे राहून त्याचे इन्सुलेशन कमजोर झाले होते. एक्स्टेंशन बोर्डच्या पिनला अर्थिंग नव्हते. चार्जरमधून झिरपणारी वीज बॅटरीच्या निगेटिव्हवर येत होती. आउटबोर्ड इंजिनचा धातूचा सांगाडा निगेटिव्हला जोडलेलाच असतो. त्याखेरीज या बोटीत माळांचा निगेटिव्ह रेलिंगच्या पाइपला बांधलेला होता. म्हणजे रेलिंग आणि इंजिनचा पाण्यातला पाय या दोन्हींवर ती वीज खेळत होती, आणि पाण्यात उभा राहून रेलिंग धरणारा मुलगा रेलिंग आणि पाणी यांमधला दुवा बनत होता.

माळांचा निगेटिव्ह रेलिंगला का बांधला गेला, हे समजले की योग्य माणसाचा प्रश्न आपोआप समोर येतो.

आधी येऊन गेलेले

ते काम वाडी भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने केले होते. माणूस कुशल होता. ट्रकचा स्टार्टर आणि अल्टरनेटर तो डोळे झाकून दुरुस्त करी. परंतु मोटारीत परतीची वायर नसते, गाडीची लोखंडी बॉडी हीच परतीची वाट असते. आयुष्यभर ज्याने निगेटिव्ह बॉडीला दिला, त्याने फायबरच्या बोटीत बॉडी सापडेना तेव्हा जवळचे लोखंड पकडले. बोटीत प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या दोन वायरी लागतात, जाणारी आणि येणारी. कोणताही धातूचा भाग परतीची वाट म्हणून वापरायचा नसतो, कारण तसे केले की पाण्यात बुडालेल्या धातूतून प्रवाह भरकटतो आणि ॲल्युमिनियमचा इंजिनपाय झपाट्याने खाल्ला जातो.

बॅटरी उतरण्यावरही त्यानेच उपाय केला होता. बॅटरीजवळ एक मोठा कट-ऑफ स्विच बसवून सगळा भार त्याच्यामागे घेतला आणि रात्री तो बंद करत जा, असे सांगितले. बॅटरी उतरायची थांबली. मात्र पंपही त्याच स्विचमागे गेला होता. जुलैतल्या एका रात्रीच्या मुसळधार पावसात बोटीत पाणी साचत गेले, पाणी चढले की पंप सुरू करणारा तळातला तरंगता स्विच वर उचलला गेला, पण त्याच्यापर्यंत वीजच येत नव्हती. सकाळी बोट सीटपर्यंत भरलेली आढळली. त्यानंतर मालक रात्री स्विच चालूच ठेवू लागले आणि बॅटरी पुन्हा उतरू लागली. ट्रकमध्ये रात्री काहीच चालू राहायला नको असते. बोटीत पंप तेवढा चालू राहायलाच हवा असतो, म्हणून त्याची वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून घ्यायची असते. ही एवढीशी गोष्ट पाण्यावर काम केलेल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

दुसरा माणूस परवानाधारक वायरमन होता. राज्य शासनाकडून विद्युत कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री असे परवाने दिले जातात आणि घरातल्या, दुकानातल्या, कारखान्यातल्या जोडणीसाठी ते पाहणे योग्यच आहे. लहान बोटीच्या वायरिंगचा वेगळा परवाना मात्र त्यांत नाही. या वायरमनने इन्व्हर्टर बसवताना घरात वापरतात ती वायर, घरात वापरतात ते सॉकेट आणि घरात देतात तसा पिळा मारून वर टेप, असे सारे केले. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर इन्व्हर्टरचा उघडा स्विच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी बसून राहते. तेथे ठिणगी पडणारा स्विच ठेवायचाच नसतो.

तिसरा पर्याय इंजिन कंपनीच्या सेवा अभियंत्याचा होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की इंजिनच्या वायरिंगच्या पलीकडे हात लावण्याची त्याला परवानगी नाही. चौथा, मुंबईच्या एका बोटयार्डातला तंत्रज्ञ, फोनवर बोलला तेव्हाच जाणकार वाटला. पण प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कामाच्या मजुरीहून जास्त होत होता, आणि महिन्याभराने काही बिघडले तर पुन्हा तोच खर्च.

मालकांनी कागद पाहिले नव्हते असेही नाही. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला आणि यांत्रिक बोटींची नोंदणी व सर्वेक्षण बंधनकारक ठेवले. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळ पाहते. परंतु सर्वेक्षण करणारा अधिकारी बोट तपासून प्रमाणपत्र देतो, दुरुस्ती करून देत नाही, आणि आज तपासलेल्या बोटीत उद्या कोणी माळा लावल्या तर ते पाहायला तो तेथे नसतो. २०१७ च्या जुलैत वेणा जलाशयात बोट उलटून तरुण बुडाले, त्यानंतर लाइफ जॅकेट आणि प्रवासीसंख्या यांविषयी पुष्कळ बोलले गेले. सीटखालच्या वायरींविषयी मला कोणी बोललेले आठवत नाही.

शोधाची दिशा बदलली

येथवर मालक 'बोटीचा इलेक्ट्रिशियन' नावाचा एक माणूस शोधत होते आणि तो नागपुरात नव्हता. मी त्यांना सुचवले की माणूस शोधण्याऐवजी कामाचे तुकडे करू या आणि प्रत्येक तुकड्याला कोणते ज्ञान लागते ते पाहू या. घाटावरचा २३० व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि संरक्षण हा एक भाग. त्याला परवानाधारक कंत्राटदारच हवा आणि तो नागपुरात सहज मिळतो. बोटीतले १२ व्होल्टचे काम हा दुसरा भाग. त्याला डीसी, बॅटरी, कंपन आणि ओलावा यांची सवय असलेला हात हवा. तिसरा भाग म्हणजे संपूर्ण नकाशा काढणे, वायरींची जाडी व फ्यूज ठरवणे आणि शेवटी काम तपासून त्याखाली सही करणे. हा तिसरा भाग एकाच माणसाकडे असावा आणि तो वायर ओढणारा माणूस नसावा, असे माझे मत होते व आहे.

माणसाची पारख कशी करायची, हेही ठरवून घेतले. प्रमाणपत्र पाहायचे, पण त्यावर थांबायचे नाही. प्रत्येकाला बोटीपाशी उभे करून तेच काही प्रश्न विचारायचे. बिल्ज पंपाला वीज कोठून देणार? माळांचा निगेटिव्ह कोठे नेणार? बॅटरीपासून पहिला फ्यूज किती अंतरावर? जोड कसा मारणार? आणि काम झाल्यावर नकाशा काढून द्याल का? या प्रश्नांना पुस्तकी उत्तर यावे अशी अपेक्षा नव्हती. समोरचा माणूस उत्तर देण्याआधी बोटीत डोकावून पाहतो का, हे मला अधिक पाहायचे होते.

डीसीच्या भागासाठी आम्ही आधी सोलर पॅनेल बसवणाऱ्यांकडे गेलो, मग टेलिकॉम टॉवरच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्यांकडे. दोन्ही ठिकाणी कामाची माणसे होती. सोलरवाल्यांकडून तर एक मोठीच सोय झाली. बोटीत कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची तांब्याची वायर वापरावी असे म्हणतात, कारण साधे तांबे ओलाव्यात काळे-हिरवे पडते. ही वायर आणायला मुंबईला जावे लागेल अशी समजूत होती. सोलरची डीसी केबल तशीच मुलामा दिलेली, बारीक तारांची आणि उन्हापावसाला टिकणारी असते, आणि ४ व ६ चौरस मिलिमीटरची केबल नागपुरात कोठेही मिळते.

माणूस मात्र मिळाला तो अजनीहून. हे रेल्वेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, उभी नोकरी डब्यांच्या वीजकामात गेलेली. रेल्वेत त्या कामाला टीएल, म्हणजे ट्रेन लायटिंग, म्हणतात. जुन्या पद्धतीच्या डब्यांतले दिवे-पंखे ११० व्होल्ट डीसीवर चालतात, बॅटऱ्या डब्याखाली पेटीत लटकलेल्या असतात, खडखडाट आणि पावसाचे पाणी अखंड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या व्यवस्थेत पॉझिटिव्ह व निगेटिव्ह हे दोन्ही डब्याच्या बॉडीपासून अलग ठेवतात. त्यातला कोणताही बॉडीला लागला तर तो दोष मानून शोधून काढतात. काकांनी बोट पाहिली, रेलिंगला बांधलेली वायर बोटाने उचलली आणि विचारले, "हे कोणी लावलं? बॉडीला काही द्यायचं नसते जी." त्यांनी आयुष्यात बोटीचे काम केले नव्हते. तरीही निगेटिव्हचा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. नागपूर हे रेल्वेचे गाव असून हा विचार आधी कोणाला सुचू नये याचे नवल वाटते, कारण असे हात आपल्या शहरात शेकड्यांनी निवृत्त होऊन बसलेले असतील.

पहिल्या फ्यूजच्या अंतराचे उत्तर त्यांना आकड्यात आले नाही. "बॅटरीला जितका चिकटून बसेल तितका" असे ते म्हणाले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात ते अंतर साधारणपणे ७ इंच दिलेले आहे, आणि त्यामागचे कारण काकांनी सांगितले तेच आहे: बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते.

नकाशा आणि सही यांसाठी व्यापारी जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, म्हणजे जहाजाची वीजयंत्रणा सांभाळणारा अधिकारी, म्हणून काम करणारा विदर्भातलाच एक तरुण मिळाला. हे पद जागतिक पातळीवर नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला झालेल्या २०१० च्या मनिला दुरुस्तीने अधिकृत झाले, आणि भारतात त्याची पात्रता नौवहन महासंचालनालय ठरवते. असे अधिकारी काही महिने समुद्रावर आणि काही महिने घरी असतात. समुद्रकिनारा नसलेल्या जिल्ह्यांतही ते आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. या तरुणाने पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की त्याचे काम ४४० व्होल्टच्या यंत्रणेवर चालते, ७ मीटरची बोट त्याने कधी हाताळलेली नाही, आणि त्यामुळे लहान बोटींच्या विजेचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १३२९७, आधी वाचून घेतल्याशिवाय तो नकाशा काढणार नाही. मला त्याच्या प्रमाणपत्रापेक्षा हे उत्तर जास्त पटले. आपल्या ज्ञानाची हद्द जो आपण होऊन सांगतो, त्याच्या सहीवर विसंबायला मी तयार असतो.

प्रत्यक्ष काम

काकांनी आधी मोजमाप केले. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि पंप चालू असताना पंपाच्या टोकाशी १०.८. मधले १.७ व्होल्ट वाटेत जात होते. बॅटरी ते पंप अंतर ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर वायर. वायर १ चौरस मिलिमीटरची आणि पंप ५ अँपिअर ओढणारा. तांब्याच्या रोधाने हिशोब केला तर त्या वायरीत १ व्होल्टच्या थोडे वरच जायला हवे. उरलेले ०.६ ते ०.७ व्होल्ट जोडांनी खाल्ले होते. सीटखालचा एक जोड उघडला, तेव्हा टेपच्या आत पाणी होते आणि तारांवर हिरवी बुरशी यावी तसा थर चढलेला. बोटाने दाबताच निम्म्या तारा तुटून हातात आल्या. मालकांनी तो तुकडा ऑफिसात ठेवला आहे.

पंप, दिशादर्शक दिवे अशा अत्यावश्यक भारांसाठी वाटेतली घट ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा ई-११ चा नियम नकाशात घेतला. १२ व्होल्टच्या ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल घेतल्यावर घट पाव व्होल्टच्या आसपास आली आणि पंप पहिल्यांदा जोराने पाणी फेकू लागला. पंप तोच होता. मालक नवा, मोठा पंप घेण्याच्या विचारात होते, तो खर्च वाचला.

जोडांच्या बाबतीत काका आणि तो तरुण यांचे एकमत व्हायला थोडा वेळ लागला. काकांचा कल वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, बसवून वर सोल्डर द्यावे असा होता. तरुणाचे म्हणणे असे की सोल्डर जेथे संपते तेथे वायर कडक होते आणि कंपनाने तेथेच तुटते. म्हणून रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने पक्के दाबावे आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळून बसणारी हीटश्रिंक नळी चढवावी, म्हणजे पाणी शिरत नाही. काकांनी एक जोड दाबून, ओढून, पाण्यात बुडवून पाहिला आणि मग मान्य केले.

बॅटरी उतरण्याचे कारण साधे निघाले. इन्व्हर्टरवर काहीही चालत नसले तरी तो चालू राहिला तर १ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढत होता. दिवसरात्रीचे २४ अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हटले तर हाताशी ५० असतात, म्हणजे दोन दिवसांचा खेळ. इन्व्हर्टर काढूनच टाकला. माळा १२ व्होल्टच्या घेतल्या, म्युझिक सिस्टीमला गाडीत बसवतात तसा १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर दिला, आणि बोटीवर २३० व्होल्ट नावाची वस्तू उरली नाही. मालकांना हा निर्णय आवडला नव्हता, कारण फोटोशूटवाले स्वतःचे दिवे आणतात व त्यांना सॉकेट लागते. या एका मुद्द्यावर मात्र तरुणाने सही न करण्याची तयारी दाखवली आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलो.

घाटाचे काम परवानाधारक कंत्राटदाराने केले: अर्थिंगचा खड्डा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि पावसात टिकणारे बोर्ड. नवा चार्जर इन्सुलेशन तपासून घेतलेला, आणि तो बोटीत न ठेवता घाटावरच्या खोलीत पक्का बसवला. तेथून बोटीपर्यंत फक्त १२ व्होल्टची १० चौरस मिलिमीटरची केबल जाते. १५ मीटरच्या त्या अंतरात १० अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो हे खरे, परंतु बॅटरी भरत येते तसा प्रवाह कमी होतो आणि घटही कमी होते, त्यामुळे फक्त चार्जिंगला वेळ थोडा जास्त लागतो. पाण्यावरून २३० व्होल्टची वायर नेण्यापेक्षा तो वेळ फार स्वस्त आहे. शिवाय चार्जिंग चालू असताना इंजिन वर उचलून पाय पाण्याबाहेर ठेवायचा आणि कोणीही पाण्यात उतरायचे नाही, असा नियम घाटावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. आरसीसीबी असतानाही हा नियम कशाला, असे कंत्राटदाराने विचारले होते. आरसीसीबी बिघडलेला असू शकतो. त्याचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहिले जाते आणि तारीख वहीत लिहिली जाते, तरीही.

काम झाल्यावरची स्थिती

तरुणाने काढलेला नकाशा लॅमिनेट करून बोटीच्या पेटीत आहे, एक प्रत ऑफिसात आहे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक आहेत. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा हे मराठीत लिहिलेले आहे, कारण रात्री फ्यूज बदलण्याची वेळ ज्याच्यावर येईल तो मुलगा इंग्रजी वाचत नाही. नकाशाच्या खाली दोन अटी आहेत: त्यात नसलेली कोणतीही वस्तू बोटीत जोडायची नाही, आणि जोडायची झाल्यास आधी नकाशा दुरुस्त करून घ्यायचा. पुढच्या हंगामात एकाने मोबाइल चार्जिंगचे पॉइंट बसवून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा मालकांनी त्याला आधी हा कागद दाखवला.

या व्यवस्थेत दोन कच्चे दुवे आहेत आणि ते मालकांना मी लेखी कळवलेले आहेत. तपासून सही करणारा माणूस वर्षातून काही महिनेच घरी असतो. त्याच्या गैरहजेरीत व्हिडिओ कॉलवर सल्ला मिळतो, पण जोड उघडून पाहणे कॉलवर होत नाही. आणि काकांचे वय पाहता त्यांच्या हाताखाली कोणी तयार होणे आवश्यक आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला गावातलाच एक मुलगा मालकांनी त्यांच्यासोबत दिला आहे. पहिल्या बोटीचे मासिक मोजमाप आता तोच करतो आणि काका ते तपासतात. मालकांच्या दुसऱ्या बोटीचे वायरिंग तो करणार आहे, नकाशा आधी पाठवून मंजूर करून घ्यायचा आणि तरुण सुट्टीवर आल्यावर तपासणी होईपर्यंत ती बोट पाण्यात उतरवायची नाही, असे ठरले आहे.